तळल्यावर कळते का?

जिनं जन्मात मटण तोंडात घातलं नाही, तिच्या हातचे खिम्याचे कटलेट खायला अख्खी रांझी वस्ती आमच्या खिडकीशी उभी राहायची. माझी बायको ती. सारे तिला काकू म्हणायचे, म्हणून मीही काकूच म्हणायचो. चाखायचं काम माझं. "सांगा, मीठ जमलं का?" विचारायची, अन् माझं ऐकूनच पुढचा घाणा सोडायची.

खोटेपणाचा तिला भारी राग. दूधवाल्याच्या कॅनमध्ये बोट बुडवून म्हणायची, "भैया, आज नर्मदाजी कुछ ज्यादा आ गईं!"

मला एकच मटण ठाऊक, बकऱ्याचं. कोंबडी म्हणजे आजाऱ्याचं खाणं, असं मी चारचौघांत सांगायचो. पुढं दात गेले, कवळी टोचायची. तरी कटलेट खाता यायचे. मला वाटायचं, काकूचा हातच तसा.

यंदा अन्न तपासणीवाली बाई आली. कटलेटचे नमुने घेऊन सील लावून राहिली होती, तेव्हा काकूनं विचारलं, "तलने के बाद भी पता चलता है क्या?"

"हाँ अम्मा. बकरा है कि मुर्गा, लैब में सब निकल आता है."

मी हसलो. काकूनं त्या दिवशी अख्खा घाणा जाळला. पंधरा दिवसांत गेली. हृदय बंद पडलं.

तेरवीनंतर रिपोर्ट आला. बकऱ्याच्या खिम्यात कोंबडी! माझं डोकं फिरलं. तीस वर्षांच्या ओळखीच्या खाटकाची मी भररस्त्यात कॉलर धरली. "मेलेल्या बाईला फसवलं तू!"

तो हळूच म्हणाला, "दादा, भाभी खुद ले जाती थीं. मुर्गे का कीमा, अलग थैली में."

"काहून?"

"बोलती थीं, इनके दाँत नहीं रहे, और मुर्गे का नाम सुनते ही थाली सरका देते हैं. बताना मत."

हात आपोआप सुटला. त्याची कॉलर मी नीट करून दिली. रोज चाखणारा मी, अन् मलाच पत्ता नाही! लोकांना तिनं बकऱ्याचं म्हणून हेच विकलं. चूकच ती, अन् तिला ठाऊक होती. त्या धसक्यानंच गेली का, हे मला कोणी सांगत नाही.

रिपोर्ट पटला नाही तर दुसरा नमुना मोठ्या लॅबला पाठवायची सोय होती. मी अन्न तपासणीच्या ऑफिसात जाऊन म्हणालो, "मत भेजो. रिपोर्ट सही है."

बाबूनं कागद पुढं ओढला. "मिलावट का कारण?"

"मैं."

"बाबूजी, ऐसा थोड़े लिखते हैं."

"लिखो," मी म्हणालो, अन् तो लिहीपर्यंत तिथून उठलो नाही.