नजर लांब ठेवायची

"अंगठा हलवा."

"हलवतेय की!"

डॉक्टरांनी माझ्या उजव्या पायाकडे थोडा वेळ बघितलं. मग म्हणाले, "नाही हलत."

विमान आदळलं त्यापेक्षा हा क्षण वाईट होता. मी जीव खाऊन अंगठा हलवत होते आणि तो ढिम्म.

सीटी स्कॅनची फिल्म उजेडात धरून त्यांनी दुखापतीचं नाव सांगितलं. एल-वन बर्स्ट फ्रॅक्चर. म्हणजे पाठ आणि कंबर जुळतात तिथला मणका वरून दाब येऊन फुटला होता आणि त्याचा एक तुकडा मागे नसांवर सरकला होता. "चालेल ना हो ती?" पप्पांनी विचारलं. "ऑपरेशन करू. मग बघू," डॉक्टर म्हणाले. या 'बघू'चा मला पुढे इतका राग यायला लागला, की विचारू नका.

तेव्हा पप्पांकडे मोबाइलही नव्हता. शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप गेला होता. मी नाशिकजवळच्या एका धावपट्टीवर विमान चालवायला शिकत होते. दोन सीटचं छोटं विमान. त्या दिवशी आत मी एकटीच.

उतरताना अगदी शेवटी विमानाचं नाक हलकेच वर उचलायचं असतं. त्याला फ्लेअर म्हणतात. जमीन किती खाली आहे याचा अंदाज यायला नजर धावपट्टीच्या पार टोकाला ठेवावी लागते. आमचे सर कानीकपाळी ओरडायचे, "लांब बघ!" पण मला स्कूटर शिकवली पप्पांनी, तीही पेठ रोडच्या खड्ड्यांतून. "चाकापुढे बघ, चाकापुढे!" हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं. त्या दिवशी मी तसंच जवळ बघितलं. जमीन अंगावर आल्यासारखी वाटली, मी घाबरून नाक फार आधी उचललं. वेग संपला आणि विमान धोंड्यासारखं खाली आदळलं.

शेजारच्या द्राक्षबागेतली माणसं धावत आली. "वढा तिला भायेर!" कोणीतरी ओरडलं. आग नव्हती, पेट्रोलचा वासही नव्हता. सर धावत येता येता किंचाळले, "कुणी हात लावू नका!" मग त्याच माणसांनी शेडचं दार उखडून आणलं आणि पाठ वाकू न देता मला त्यावर घेतलं. हे वाचणाऱ्यांनो, एवढं लक्षात ठेवा. पाठीला मार लागलेल्या माणसाला ओढू नका, उठवून बसवू नका. त्या दारावाल्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

ऑपरेशन झालं. मणक्यात स्क्रू आणि सळ्या बसल्या. मग लॉग रोल, म्हणजे तिघांनी धरून ओंडक्यासारखं एकदम कुशीवर वळवायचं. लघवीला नळी. रोज सकाळी डॉक्टर यायचे, "हलवा," म्हणायचे, बघायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. भेटायला आलेली मावशी म्हणाली, "मुलीच्या जातीला विमानं कशाला हवीत गं?" मी म्हटलं, "मावशी, तू आधी खाटेवरून ऊठ. धक्का लागतोय."

मी जवळ बघितलं हे सरांनी पप्पांना सांगितलं होतं. एकदा मला पाणी पाजताना पप्पा एकदम म्हणाले, "मीच शिकवलं ना तुला तसं."

"काहीतरीच काय, पप्पा! पेठ रोडवर लांब बघितलं असतं, तर पाठ तिथेच मोडली असती."

ते हसले नाहीत. मलाच मग रडू आलं.

आई पाय पुसत होती तेव्हा एकदम ओरडली, "अगं, हलला!" मला काहीच कळलं नव्हतं. डॉक्टर धावत आले. मी पुन्हा जोर लावला आणि अंगठा जरासा हलला. "आता जोर करा," ते म्हणाले. त्या दिवशी ते 'बघू' म्हणाले नाहीत.

विमान परत हाती आलं नाही. उजव्या तळव्याची बधिरता अजून आहे. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू! पण मला खरं सांगायचंय ते चालण्याचं.

कमरेला पट्टा बांधून मला दोन समांतर दांड्यांमध्ये उभं केलं होतं. तळव्याला जमीन जाणवतच नव्हती, म्हणून मी खाली मान घालून पाय कुठे आहेत ते बघत होते. "खाली बघू नका, तोल जाईल," फिजिओथेरपीच्या मॅडम सांगत होत्या. त्या व्यायाम देऊन चालायला शिकवायच्या. पण न बघता पाय टाकायची छातीच होईना. दोनदा गुडघा दुमडला, दोनदा त्यांनी सावरलं. "नाही होत माझ्याच्यानं!" मी ओरडले.

पप्पा भिंतीशी उभे होते. ते चालत दांड्यांच्या पलीकडच्या टोकाला गेले.

"पोरी, पायाकडे नको बघू," ते म्हणाले. "इकडे माझ्याकडे बघ. लांब बघ."

मी मान वर केली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत निघाले. पाय कुठे पडले ते मी पाहिलंच नाही.