दत्ताने पकडलेल्या चुका

काळेवाडी ते चाकण कंपनीच्या बसमध्ये धड झोप लागत नाही आणि मोबाइल सगळ्यांकडे असतो. किस्से साठायला एवढं पुरतं.

आम्ही क्वालिटीवाले. दिवसभर गाड्यांच्या पार्टवरचे ओरखडे शोधायचे आणि बसमध्ये एका विनोदी मालिकेतल्या चुका. चूक दिसली की "रिजेक्ट!" म्हणून ओरडायचं. यात सगळ्यांत पुढे दत्ता. लातूरकडचा, कंत्राटी. "परमनंट झालो की आईला गावाहून आणतो," हे त्याचं पालुपद.

एका भागात सासूच्या हातात चहाचा कप होता. सुनेने टोमणा मारला, पुन्हा सासू दिसली तर हातात स्टीलचा ग्लास! दत्ता म्हणाला, "सासूय ती. रागानं कप गिळला आसंल."

दिवाळीच्या भागात थोरल्या सुनेला दिवस गेले. पुढची दिवाळी आली तरी तिचं पोट तसंच. मी विचारलं, "बाळ कधी येणार रे?"

"ते बी कंत्राटावर हाय, भाऊ. जलमलं की परमनंट करावं लागंल."

बस हसली. 

मग मालिकेतला बापच बदलला. सोमवारी दुसराच नट खुर्चीत बसला होता आणि घरात कोणी हूं की चूं केलं नाही. आमच्या सुपरवायझरसाहेबांना त्यात चूक दिसेना. "काम थांबलं नाही ना?" म्हणाले. लाईनवरही ते हेच म्हणतात.

दत्ताला दर काही महिन्यांनी ब्रेक देतात. म्हणजे काढायचं, थोडे दिवस घरी बसवायचं आणि नवा माणूस म्हणून परत घ्यायचं. नवा गेटपास, नवा नंबर. नोकरी सलग दिसली तर तो परमनंट करा म्हणेल ना! मला याची चीड येते. पण मी परमनंट आहे, त्यामुळे ती बसमध्येच येते आणि गेटवर उतरते.

परवा दत्ता पुन्हा "नवीन" लागला. नव्यांना पहिल्या दिवशी ट्रेनिंगचा व्हिडिओ दाखवतात. त्यांना नंतर लाईनवर न्यायला मी मागे उभा होतो. पडद्यावर एक माणूस हेल्मेट, गॉगल घालून पार्ट कसा तपासायचा ते दाखवत होता. गॉगल असला तरी मी ओळखलं, दत्ताच तो. आणि पहिल्या रांगेत, नव्या पोरांमध्ये, दत्ता बसला होता.

व्हिडिओ संपला. ट्रेनिंगच्या मॅडमनी विचारलं, "काही शंका?"

दत्ताने हात वर केला. "मॅडम, ह्यो कोण हाय?"

मॅडम म्हणाल्या, "आपला जुना, अनुभवी माणूस आहे. त्याच्यासारखं काम करा, तुम्हीही परमनंट व्हाल."