कातडीखालचे किडे

वटारच्या हंसाकाकींनी तीस वर्षं आगाशीच्या बाजारात वाडीतली केळी विकली. भाव पाडून मागणाऱ्याला त्यांनी कधी सोडलं नाही. पण गेल्या वर्षी त्यांचा राग स्वतःच्याच अंगावर निघू लागला.

"कातडीखाली किडे हायेत," त्या म्हणायच्या. सेफ्टीपिनने टोकरून टोकरून त्यांनी दोन्ही हात सोलून काढले. एकदा तर फिनेल चोळलं. जखमा बघून गिऱ्हाईक पुढच्या टोपलीकडे वळायचं. घरी मुलाने, हितेशने, त्यांचं ताट वेगळं केलं. "खरूज असेल, पोरांना लागेल."

काकींनी ते ताट अंगणात भिरकावलं.

तीन डॉक्टरांनी मलमं दिली. चौथा हसला. "मावशी, किडेबिडे काही नाहीत. डोक्यातून काढून टाका."

"मग दिवसरात माजं अंग कोन खातं? तुजा बाप?" काकी उठून चालत्या झाल्या.

सून रचना सोबत होती. त्या हसण्याने तिचंही डोकं फिरलं. चौकशी करून तिने काकींना विरारच्या एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी भिंग घेऊन एकेक जखम निवांत तपासली.

"मला किडा दिसला नाही. पण तुम्हाला होणारा त्रास खरा आहे. तो मेंदूतून येतो, कातडीतून नाही. मनाच्या डॉक्टरांची गोळी लागेल. जखमा मी बघते."

"म्हंजे मी येडी?"

"नाही. आजारी."

घरी हितेश भडकला. "मनाचा डॉक्टर? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी ताट वेगळं नव्हतं केलं," रचना ओरडली. "तुम्ही केलंत!"

पंधरा दिवस काकी गोळी थुंकून टाकत होत्या. खाज असह्य झाली तेव्हा म्हणाल्या, "झोप यावी म्हनून घेते. येडी म्हनून नाय."

तीन महिन्यांत जखमा सुकल्या. किडे नव्हतेच, हे त्या आजही मानत नाहीत. "मेले," एवढंच म्हणतात. रचना वाद घालत नाही, गोळी तेवढी चुकू देत नाही.

काकी पुन्हा बाजारात बसतात. कुणी हातावरच्या डागांकडे टक लावून बघितलं तर विचारतात, "केळी घेनार, का नुसता बघनार?"

हितेशशी मात्र त्या अजून बोलत नाहीत. सकाळी तो त्यांना सोडायला स्कूटर काढतो, आणि त्या टोपली घेऊन रिक्षाची वाट बघत रस्त्यावर उभ्या राहतात.