मुलीकडचा मामा ऑस्लोचा

रायपुरात बसून तेल अवीवपासून ऑस्लोपर्यंतच्या सोयरिकी सांभाळणारा माणूस अख्ख्या छत्तीसगडात एकच असणार, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघावा हा माझ्या कुंडलीतला योग. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान मूळचे वर्ध्याकडचे. उरला नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीत लोखंडाच्या एका रोलिंग मिलमध्ये ते इंजिनियर म्हणून लागले तेव्हा रायपूर हे मध्य प्रदेशातल्या इतर शहरांसारखं एक शहर होतं. मग राज्य झालं, राजधानी झाली, गल्लोगल्ली रस्ते खणले गेले, आणि त्याच धुळीच्या दिवसांत मिलचं नवं मशीन बसवायला ऑस्ट्रियाहून एक इंजिनियर आला. महिनाभर तो साडभाऊंच्या समता कॉलोनीतल्या घरी पिठलं-भाकर खात राहिला आणि जाताना जॅझची एक सीडी ठेवून गेला. पियानोवर इस्रायलचा माणूस, बासच्या जाड तारांवर डेन्मार्कचा, ड्रमवर नॉर्वेचा. दुसऱ्या कुणी ती टीव्हीखालच्या कपाटात टाकून दिली असती. साडभाऊंनी ती लावली, आणि तेव्हापासून त्या घरात दुसरं संगीत शिरलेलं नाही.

बरं, जॅझ म्हणजे कुठलाही जॅझ त्यांना चालत नाही. अमेरिकेचा नको. नुसता इस्रायलचा आणून दिला तर म्हणतील, "एकाच घरचे लोक आहेत, कार्य कसं होईन?" दोन्हीकडची मंडळी एका अल्बमात हवीत. त्यांच्या लेखी प्रत्येक अल्बम हे एक लग्न असतं. इस्रायलवाले मुलाकडचे, युरोपवाले मुलीकडचे. मी पहिल्यांदा ऐकायला बसलो तेव्हा ते माझ्या कानाशी लागून समालोचन करत होते : "हा पाहा, पियानोवाल्यानं बोलणी काढली. बासवाला मानापानासाठी अडून राहिला. आता थोडी कुरबुर होईन. झाली? हं, याद्या झाल्या!" आणि ड्रमवाला कोण, असं मी विचारलं तर त्यांनी माझ्याकडे कीव आल्यागत पाहिलं. "तो मुलीकडचा मामा. फोटोत दिसत नाही, पण सारं कार्य त्यानंच धरून ठेवलेलं असते." हा नॉर्वेचा मामा त्यांचा विशेष लाडका. तो काड्यांनी बडवत नाही, तारांच्या ब्रशनं ड्रमच्या कातड्यावरून नुसता हात फिरवत राहतो. जर्मनीतल्या कंपनीकडून सीडीचं पार्सल आलं की साडभाऊ आधी कव्हरवरच्या नावांत मामा आहे का ते पाहत आणि मगच सीडी लावत.

रविवारी सकाळी दहाला बैठक. पोहे आधी, कारण मधे चमच्याचा आवाज नको. चिवड्याला तर कायमची बंदी, तो वाजतो. कुकर लावायचा नाही, मोटर चालू करायची नाही, बेल वाजली तर उठायचं नाही. "अकरा वाजेपर्यंत माह्या घरी डाळ शिजत नाही," असं ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतात, पण साडेनऊला गादीवरची चादर झटकून बैठक घालून ठेवतात त्याही त्याच. त्यांची मुलगी कॉलेजला होती तेव्हा एकदा बिचारीनं वीस मिनिटं ऐकून विचारलं, "पापा, इसमें गाना कब शुरू होगा?" त्या रविवारपासून तिला सुट्टी मिळाली. मला मिळाली नाही. मी बारा वर्षं त्या गादीवर डोळे उघडे ठेवून झोपायला शिकलो आणि दर पाच-सात मिनिटांनी "वा" म्हणत राहिलो. साडभाऊ खूश, मीही खूश.

या लोकांची लय बहुतेक सात नाहीतर पाच मात्रांत असते, आणि ती साडभाऊंच्या अंगात भिनलेली. चहात साखर ढवळतील ती सात वेळा. स्कूटरवर बीरगांवच्या रेल्वे फाटकाशी उभे राहिले की ब्रेकच्या दांड्यावर सात मोजतील. एका गणपतीत ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या देवळात कुणीतरी भोळेपणानं त्यांच्या हातात झांज दिली. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात आरती हळूहळू सातात सरकली. टाळ्या वाजवणाऱ्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या, पुजारीबुवांचा हात तबकासकट हवेत थबकला आणि शेवटी आरती एकट्या साडभाऊंनी पूर्ण केली. प्रसाद देताना बुवा एवढंच म्हणाले, "भैया, अगले साल आप फूल पकड़ लेना." साडभाऊंना त्याचं काही वाटलं नाही. घरी येताना म्हणाले, "लोकं जमून राहिले होते, थोडे कमी पडले."

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी नवा अल्बम आला आणि साडभाऊ भडकले. तिसऱ्या चिजेत मामाच नव्हता! सगळी चीज पियानो आणि बास, ड्रमवाला आपला बसलेला. चार वेळा ऐकलं, आवाज वाढवून ऐकलं. मग मुलीला बसवून त्यांनी थेट कंपनीला ई-मेलनं पत्र लिहवून घेतलं. "लिही, की एवढ्या दूरच्या माणसाले बोलावून अन् मग बसवून काहून ठेवता? हा त्याचा अपमान आहे." मुलगी "हाँ पापा" म्हणत इंग्रजीत टाइप करत गेली. आठ दिवसांनी उत्तर आलं, फार सभ्य. तिसऱ्या चिजेत ड्रमवादक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवत आहेत, ब्रशने. कृपया पुन्हा ऐकावे.

त्या रविवारी पोहे नव्हते. मी गेलो तर साडभाऊ एकटेच बसलेले. त्यांनी त्या उत्तराचा छापून आणलेला कागद माझ्या हातात दिला, सीडी लावली, आणि प्रथमच मला सीडी प्लेयरच्या अगदी जवळ बसवलं. तीस वर्षं लोखंडाच्या दणदणाटात उभा राहिलेला माणूस. बेल ऐकू येत नाही, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. ताई तर म्हणायच्या, "मले वाटे, मुद्दाम करतात." कळलं नव्हतं ते एकट्या त्यांना, आणि आता त्यांना माझ्या तोंडून कळायचं होतं.

"बाबू, तुह्ये कान बरे आहेत. आयक. मामा आहे का?"

मी ऐकलं. बारा वर्षांत पहिल्यांदा खरोखर ऐकलं. तो होता. अगदी बारीक, पण पहिल्या सुरापासून होता. नाही म्हणून टाकावं असं फार वाटलं. कंपनी खोटी ठरली असती, साडभाऊ जिंकले असते. पण या माणसाला त्याच्या मामाबद्दल खोटं कसं सांगायचं?

"आहे भाऊ. पहिल्यापासून आहे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कसा वाजवून राहिला?"

"सुपात तांदूळ फिरवल्यावानी."

"हव. मंग तो बरोबर वाजवून राहिला," असं म्हणून त्यांनी आत हाक मारली, "अवं पोट्टे, त्या लोकायले माफी लिही."

कॉलोनीतल्याच दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज गेले आहेत, ते परत येणार नाहीत. कानाला मशीन बसलं. ताईंशी बोलणं सुधारलं, बेल ऐकू येऊ लागली, सगळं ठीक झालं. फक्त मशीनमधून मामा ऐकला तर तो भजी तळतो आहे असं वाटतं, अशी साडभाऊंची तक्रार. म्हणून रविवारी दहाला ते मशीन काढून डबीत ठेवतात. "तू सांगत जाय," एवढंच मला म्हणाले. आता गादीवर झोपायची सोय राहिलेली नाही. आला, गेला, हळू झाला, कडेकडेनं फिरून राहिला, असं मी सांगत असतो आणि ते मान हलवत असतात. हे संगीत मला आवडू लागलं का, ते अजून ठरलेलं नाही. हा माणूस मला फार आवडतो, एवढं ठरलं आहे.

मागच्या रविवारी शेवटच्या चिजेत आधी पियानो थांबला, मग बास थांबला. थोडा वेळ एकटा मामा होता. मग तोही थांबला, आणि सीडी संपून प्लेयरवरचा दिवा विझला. साडभाऊ डोळे मिटून बसलेले, चेहऱ्यावर असं सुख की पाहत राहावं.

"आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे भाऊ."

"एकटाच?"

"एकटाच. लई हळू."

ताई कुकर घेऊन दारात आल्या होत्या. मी हातानंच त्यांना थांबवलं, आणि सांगत राहिलो.