कुलूपबंद घराची भाकरी

सतरा सप्टेंबर २०२३, रविवार. सकाळी साडेसात. ग्रामपंचायतीसमोरचं पटांगण. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, अमृतमहोत्सवाचा समारोप.

हजर: सरपंचबाई, खुर्चीत. त्यांचे मालक, माइकजवळ. ग्रामसेवक. शाळेचे दोन गुरुजी आणि चौथीपर्यंतची मुलं. वरच्या आळीतले भैय्यासाहेब आणि त्यांच्या मोठ्या घरचे नऊ जण, पहिल्या रांगेत. गावातले साठ-सत्तर लोक. आमच्या भीमनगरातले पाच जण, लिंबाखाली उभे. आणि मी, अंगणवाडी सेविका, हातात ताट.

ताटात वारसांसाठी अकरा शाली, अकरा नारळ. झेंड्याच्या खांबामागं नवी कोनशिला, तिच्यावर अकरा नावं. ज्यांनी निजामाच्या राज्याविरुद्ध लढा दिला त्यांची. नावांची यादी माझ्याच अक्षरात होती. गावात कुठलीही यादी करायची असली की माझ्याकडे येते. बाळांची वजनं, लसी, गरोदर बाया, मतदार, राशन. सत्तावीस वर्षं मी याद्या करतेय. ताईच्या यादीत चूक निघत नाही, असं लोक म्हणतात.

ही अकरा नावं मला भैय्यासाहेबांनी चिठ्ठीवर दिली होती. मी बारावं नाव तोंडी सांगितलं. सोनाबाई. माझी आजी. ते म्हणाले, "बघू." मी अकरा नावं सुवाच्य अक्षरात उतरवून दिली. ज्या यादीतून आम्हाला गाळलं ती मी स्वतः लिहिली. हे आधीच सांगून टाकते.

अकरावी शाल संपली. मी रिकामं ताट घेऊन खाली उतरत होते. भैय्यासाहेबांनी माइक घेतला.

"ताईचं बी कवतिक करा बरं का. यांची आजी आमच्या घरच्या भाकरी बाभळबनात नेऊन द्यायची. वझं वाहायची. आज नात ताट वाहायलीय. परंपरा हाय."

लोक हसले. वाईट मनानं नाही, कौतुकानंच हसले. तेच जास्त लागलं.

आजीची गोष्ट अशी. अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात नदीकाठच्या बाभळबनात पाच जण लपलेले होते. त्यांतले एक भैय्यासाहेबांचे आजोबा, अण्णासाहेब. गावातून त्यांच्यापर्यंत काही पोचवायचं तर वरच्या आळीतल्या माणसावर निजामाच्या रझाकारांची नजर. महारवाड्यातली बाई शेणाचं टोपलं घेऊन नदीकडं गेली तर कोण बघतो? टोपल्यात वर शेण, खाली फडक्यात भाकरी. वीस भाकरी, रोज. पीठ आमच्या जात्यावरचं, भाकरी आमच्या तव्यावरची. एरवी भाकरी वरून खाली यायची. आमची माणसं वरच्या आळीत दारोदार उभी राहून मागायची, ती वरून टाकली जायची. खालची भाकरी वर गेली ती त्याच पावसाळ्यात.

मी चौथीत असताना कोणीतरी आजीला सांगितलं, की अण्णासाहेबांनी लिहून दिलं तर सरकारी सन्मानपत्र मिळतं. घरात लिहिता येणारी मी एकटी. अर्ज मी लिहिला. 'सोनाबाई हिने बाभळबनात रोज वीस भाकरी करून नेल्या.' माझी पहिली नोंद.

आम्ही दोघी अण्णासाहेबांच्या ओट्याखाली उभ्या राहिलो. अर्ज हातात द्यायचा नव्हता. खालच्या पायरीवर ठेवायचा, मग त्यांचा गडी उचलून देणार. अण्णासाहेबांनी चष्मा लावला. वाचला. खिशातला लाल पेन काढला आणि गुरुजींनी वही तपासावी तशी एका शब्दावर रेघ मारली. 'भाकरी' खोडलं. वर लिहिलं, 'सामान'.

"सोने, सही करतो. पण हे असं लिवायचं."

आजी म्हणाली, "मालक, सामान न्हवतं ते. भाकरी व्हती. तुमी खाल्ली."

"हळू बोल."

"हळूच बोलायले मी."

"लिवून दिलं तर भाऊबंद काय म्हनतील? घरात लेकीची सोयरीक चाललीय."

आजी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मंग." पायरीवरून कागद उचलला, घडी घातली, कमरेला खोचला.

वाटेत मी तिच्यावर चिडले. एका शब्दानं काय होतं? सामान तर सामान. सही तर मिळाली असती. माझं अक्षर किती चांगलं आलं होतं. घराजवळ आल्यावर आजी एवढंच म्हणाली, "सामान कुनीबी वाहतं."

मला ते चाळीस वर्षं कळलं नाही. मी तिला अडाणी समजत होते.

त्या रविवारी पटांगणात, रिकामं ताट हातात धरून, कळलं. वझं वाहिलं म्हटलं तर त्यांना चालतं. वझं वाहणं हा आमचा धर्मच होता त्यांच्या लेखी. आमच्या हातची भाकरी त्यांच्या पोटात गेली, हे चालत नाही. मग त्यांनी पंचाहत्तर वर्षांत भाकरी हळूहळू आपल्या चुलीवर नेली.

मी ताट टेबलावर ठेवलं. पालथं. टेबलावरच त्या दिवशी वाटलेली स्मरणिका होती, भैय्यासाहेबांच्या घरानं छापलेली. शुद्धलेखन तपासायला माझ्याकडेच आली होती. त्यामुळे पानं पाठ होती. मी माइक मागितला. सरपंचबाईंच्या मालकांना वाटलं आभार मानायचेत. दिला.

मी म्हणाले, "पान सहा. 'रझाकारांच्या त्रासामुळे आषाढात घराला कुलूप लावून सर्व बायामुलं वऱ्हाडात नातेवाइकांकडे गेली, ती दसऱ्याला परतली.' पान नऊ. 'श्रावणात आमच्या घरच्या माउलीच्या हातची भाकर रोज बाभळबनात पोचत असे.' भैय्यासाहेब, माउली वऱ्हाडात. घराला कुलूप. मग कुलपातून भाकरी कशी निघाली?"

कोणी हसलं नाही. एका गुरुजींनी स्मरणिका उघडून सहावं पान काढलं. मी बघितलं. मग नववं काढलं.

लिंबाखालून आमचा चुलता म्हणाला, "वीस भाकरी व्हत्या. रोजच्या."

भैय्यासाहेबांचा चेहरा बदलला नाही. मोठ्या घरातली माणसं चेहरा बदलत नाहीत. ते म्हणाले, "ताई, आज आनंदाचा दिवस हाय. आज नको."

"मग कधी?"

सरपंचबाईंच्या मालकांनी गुरुजींना खूण केली आणि मुलांनी राष्ट्रगीत सुरू केलं. मी सावधान उभी राहिले. तो मान झेंड्याचा होता.

दुपारी सरपंचबाईंचे मालक अंगणवाडीत आले. खुर्ची दिली, बसले नाहीत. "ताई, लय शिकल्यासारखं बोललात. नोकरी गावातच करायचीय न्हवं?"

मी म्हणाले, "गावातच करायलेय. सत्तावीस वर्षं. तुमच्या नातवाचं वजन कमी भरलंय, उद्या घेऊन या."

ग्रामसभेत अर्ज दिला. कोनशिलेवर बारावी ओळ कोरायला जागा आहे, मी पट्टीनं मोजली आहे. पुरावा म्हणून पान सहा आणि पान नऊ जोडलं. पोच घेतली, शिक्क्यासह. विषय दोनदा पुढं ढकलला. तिसऱ्यांदा ग्रामसेवक म्हणाले, "बाई, जुनं कशाला उकरायलात?" ज्या गावानं पंचाहत्तर वर्षांपूर्वीचं उकरून कोनशिला लावली, त्याच गावात. त्यांनी उकरलं तर इतिहास, आम्ही उकरलं तर भांडण.

सतरा सप्टेंबरला मी आता ताट धरत नाही. लेखी कळवलं आहे. यादीही लिहून देत नाही, बारावं नाव पहिलं लिहिल्याशिवाय.

पण एक नोंद राहिली आहे आणि तिचा दोष भैय्यासाहेबांवर टाकता येत नाही.

आजी सांगायची, एकदा नाक्यावर रझाकारांनी टोपलं खाली ठेवायला लावलं. एकानं शेणात काठी खुपसली. तेवढ्यात पिंजाऱ्याची बायको घरातून बाहेर आली. कापूस पिंजणाऱ्याचं ते एकच मुसलमान घर आमच्या वस्तीला लागून होतं. ती त्यांना म्हणाली, "इसके घर में चेचक है. हात नक्को लगाओ." देवीच्या रोगाच्या भीतीनं ते मागं सरले. आजी वाचली. बाभळबनातले पाचही वाचले.

मग भारताची पलटण आली, निजाम शरण आला. गावात गूळ वाटला. त्याच आठवड्यात पिंजाऱ्याला नदीकडं नेलं. नेणारे गावातलेच होते. तो परत आला नाही. बायको दोन लेकरं घेऊन निघून गेली. आमच्या वस्तीनं दारं लावून घेतली होती. आजीनंही. हे ती दरवेळी सांगायची आणि दरवेळी तिथंच थांबायची.

"माझं नाव लिवशील तवा तिचं बी लिव," ती म्हणायची. मी हो म्हणायचे. नाव काय होतं, हे कधी विचारलं नाही. आजी गेली. ज्या दिवशी आम्ही झेंडा लावतो तो दिवस त्या घराला काय वाटत असेल, हेही कधी विचारलं नाही.

आता मी विचारत फिरते. झरीला गेले, ताडकळसच्या बाजारात दोन म्हाताऱ्यांना गाठलं. सगळे म्हणतात, पिंजाऱ्याची बायको. पुढं कोणालाच माहीत नाही. जिंतूरला एक पिंजारी घर आहे असं कळलंय. अजून जाणं झालं नाही.

नवं रजिस्टर सुरू केलं आहे. पान एक. अनुक्रमांक एक: सोनाबाई, रोज वीस भाकरी. अनुक्रमांक दोन: टोपलं वाचवलं. नावाचा रकाना कोरा आहे. तिथं मी 'पिंजाऱ्याची बायको' लिहिणार नाही.