कपाळावरचे भोवरे

वरातीची घोडी बिजली माजावर आली, तशी भुजंगमामांनी तिला मंठ्याजवळच्या घोड्यांच्या फार्मवर पायीच नेलं. तिचं वय झालं होतं. शिंगरू झालं तर यंदाच.

फार्मचे मालक कल्याणशेठ तिच्या कपाळावर बोट ठेवून म्हणाले, "दोन भोवरे! अपशकुनी घोडी. माझा घोडा न्हाई लावणार."

मामांचं डोकं भडकलं. "शेठ, तुमचा बबलू हिच्यावरच बसून लग्नाला गेल्ता. तवा न्हाई दिसले भोवरे?"

"तवा कपाळावर गोंडे होते ना, मामा!" शेठ ओशाळून हसले. "बरं, आणा आत. आधी चहा घ्या."

"चहा ऱ्हाऊ द्या. घोडा काढा जल्दी."

भांडायला अजून बरंच उरलं होतं, पण माज थांबत नाही. मामा दात आवळून बिजलीला आत घेऊन गेले.