पंतांच्या खोलीतली हवा

श्वास सगळेच घेतात. पण तो घेताना आपण महत्त्वाचं काम करतो आहोत, अशी जाणीव ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. साठ सालच्या आसपास मी जर्मनीत एर्लांगेनला विजेच्या यंत्रांच्या कारखान्यात उमेदवारी करत होतो आणि एका विधवा बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर राहत होतो. समोरच्या खोलीत हे गृहस्थ. मूळचे पुण्याचे. वय पस्तिशीच्या आत, तरी आम्ही मराठी मुलं त्यांना पंत म्हणायचो. प्राचीन ग्रीकांनी श्वासाविषयी काय विचार केला, यावर ते विद्यापीठात प्रबंध लिहीत होते. तो इतका लांबला होता की घरमालकीणबाईंनी त्यांना आधीच ‘हेर डॉक्टर’, म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणायला सुरुवात केली होती.

पंतांचा लाडका ग्रीक म्हणे की हवा हेच सगळ्याचं मूळ. ती विरळ झाली की ऊब, दाटली की गारठा. पुरावा आपल्याच तोंडात आहे: तोंड उघडून सोडलेला श्वास गरम, ओठ आवळून फुंकलेला गार. हा पुरावा पंत कुठेही, कुणालाही देत. बसस्टॉपवर अनोळखी माणसाला हातमोजा काढायला लावून त्याच्या तळहातावर दोन्ही प्रकारे फुंकर घालत आणि म्हणत, “गेनाऊ! अगदी हेच! बघितलंत?” एक गृहस्थ यामुळे घाईघाईने भलत्याच बसमध्ये चढल्याचं मी पाहिलं आहे. अथेन्समधल्या दुसऱ्या एका पंथाचं म्हणणं होतं की दगड, झाड, माणूस, सगळं एका श्वासाच्या ताणाने एकत्र धरलेलं आहे. पंतांनी हे बाईंना सांगितलं आणि त्याच आठवड्यात त्यांच्या खुर्चीचा पाय निखळला. “मग हे काय?” बाईंनी विचारलं. पंत जमिनीवरूनच म्हणाले, “ताण कमी पडला.”

आपल्याकडच्या प्राणायामाचा मात्र त्यांना गंधही नव्हता. बाईंच्या मैत्रिणी कॉफी-केकच्या निमित्ताने हिंदी माणसाचा श्वास बघायला जमल्या, तेव्हा पंत म्हणाले, “तो आजोबांना येत होता. मी ग्रीक शिकायला तुमच्याकडे आलो.” आणि चार जिने चढल्यासारखे धापा टाकत त्यांनी केकचे तीन तुकडे खाल्ले.

बाईंशी त्यांचं खरं युद्ध खिडकीवरून होतं. बाहेर बर्फ पडो की काही होवो, बाई रोज सकाळी खोल्यांच्या खिडक्या सताड उघडत. त्याला त्या लुफ्टेन म्हणत. पंत मागोमाग बंद करत. “रात्रभर विचार करून सोडलेला श्वास आहे, बाई!” “आल्झो, म्हणूनच वास येतो, हेर डॉक्टर.”

अखेर तोंडी परीक्षा ठरली. शिष्यवृत्ती संपली होती, आणि कोल्हापूरच्या कॉलेजातली नोकरी पदवी मिळाली तरच मिळणार होती. परीक्षेच्या आठवड्यात पंतांच्या सायकलचं चाक बसलं. एरवी हवा मी भरायचो; त्या दिवशी मी कामावर होतो. परतलो तर पंत पंप हातात घेऊन दारात उभे.

“अरे, हात लाव याला.”

पंपाचं खालचं टोक तापलं होतं.

“दाबली की हवा तापतेच, पंत. आम्हाला पहिल्या वर्षाला होतं हे.”

“तापते? माझा माणूस गार होते म्हणतो! अडीच हजार वर्षं म्हणतोय! आणि चार वर्षं शेजारी राहून तू हे आज सांगतोस?”

“तुम्ही विचारलंत कधी?”

दोन दिवसांनी बाई मला म्हणाल्या, “हेर डॉक्टर आजारी आहेत. सूप फुंकत नाहीत. तोंड पोळलंय त्यांचं.”

परीक्षेला ते पंप घेऊन गेले. बाई आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आतून आधी फुंकरा ऐकू आल्या, तीन प्राध्यापकांच्या. मग पंपाचा आवाज. मग कुणीतरी जर्मनमध्ये ‘आई गं’ अशा अर्थाचं ओरडलं. पंतांनी नंतर सांगितलं, ते सर्वांत वयस्कर प्राध्यापक होते. बोट चोळत त्यांनी विचारलं, “म्हणजे तुमचा तत्त्वज्ञ चुकला?”

“हो, साफ चुकला. पण त्याने देवाला नाही विचारलं, स्वतःच्या तळहाताला विचारलं. म्हणून तर मला पंपाने त्याची चूक दाखवता आली.”

पंत पास झाले. बाईंनी केक केला आणि रागाने म्हणाल्या, आता हाक मारायला नवीन काही उरलंच नाही.

महिन्याभराने आम्ही त्यांना स्टेशनवर पोहोचवलं. डब्यात बसल्यावर त्यांनी सवयीने काचेवर तोंड उघडून श्वास सोडला आणि वाफेमागे दिसेनासे झाले. बाईंनी काचेवर टकटक केलं. “खिडकी, हेर डॉक्टर!” पंतांनी मुकाट्याने खिडकी खाली ओढली. त्यांनी स्वतः उघडलेली माझ्या पाहण्यातली ती पहिली खिडकी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी नेहमीप्रमाणे माझी खिडकी उघडली, जिन्यावरची उघडली. मग पंतांच्या खोलीत गेल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि बाहेर येऊन दार हळूच लावून घेतलं. त्या खोलीतली खिडकी त्यांनी त्या दिवशी उघडली नाही.